रंगरावांच्या पायावरचा मोर

या, अशा जवळ सरका. सतरंजी पुढं रिकामी आहे आणि तुम्ही सगळे भिंत धरून बसलात. महाराज यायला अवकाश आहे, पखवाजाला कणीक लावणं चाललंय, तोवर आपल्या अमडापूरच्या रंगरावांच्या पायाची कथा सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, रंगरावांची परवानगी आहे. ते स्वतःच आता ही गोष्ट सांगताना सगळ्यात आधी हसतात. शेवटी मी तुमच्याकडं एक मागणं मागणार आहे. ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे प्रसादाच्या वेळी उठून जायला सबब उरणार नाही.

रंगराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. साहेब त्यांना कधी कुणी म्हटलं नाही, आणि म्हणेल अशी आशा त्यांनीही सोडली होती. पण विठ्ठल मंदिरातल्या सप्ताहात, कीर्तनाला, महाराजांच्या मागं उजव्या हाताचा पहिला टाळ त्यांचा. या जागेला अर्ज लागत नाही, तिथं बढती नसते आणि बदलीही होत नाही. नोकरीत जे जे मिळालं नाही ते सगळं रंगरावांना त्या दीड फूट फरशीवर मिळालं होतं. दोन-दोन तास अनवाणी उभं राहायचं, पावलं टाकायची, उडी घ्यायची, आणि महाराजांनी चाल बदलली की मान न वळवता टाळ बदलायचा.

साखर मात्र त्यांच्या रक्तात बरीच वर्षं मुक्कामाला होती. गोळ्या चालू होत्या. प्रसादाचा शिरा हा शिरा नसून प्रसाद आहे, असं निरूपण करून तोही चालू होता.

एका एकादशीला कीर्तन आटोपून रंगराव घरी आले. गीताबाई दारातच होत्या.

"आवं, दुसरी चप्पल कुठी हाय?"

"कोनती दुसरी?"

"मानसाले दोन पाय असतात, मंग चपलाही दोन लागतात. तुमच्या पायात एकच दिसून राह्यली."

रंगरावांनी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय उघडा, धुळीनं माखलेला, आणि तळव्यात बाभळीचा चांगला जाड काटा. देवळापासून बाजारगल्लीतून ते तसेच चालत आले होते आणि चप्पल नसल्याचं किंवा काटा असल्याचं त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

आता खरं सांगतो, रंगरावांना आधी आनंद झाला. देहभान हरपतं, देह आहे की नाही याचीही आठवण राहत नाही, हे त्यांनी आजवर निरूपणात फक्त ऐकलं होतं. इतकी वर्षं टाळ कुटला, ती अवस्था शेवटी आपल्यालाही आली! डोळे भरून आले. ते हळूच म्हणाले, "गीता, मले वाटते मी पोचलो."

गीताबाई काटा काढत होत्या. "कायचे पोचले? पाय बधिर झाला तुमचा. माह्या मामाचा असाच झालता. अंगठ्यापासून सुरू झालं अन् गुडघ्यापाशी थांबलं. थांबलं म्हंजे कापून थांबवलं." निघालेला काटा त्यांनी अंगणात भिरकावला. "ऐकून घ्या. पाय बरा हाय असं डाक्टरच्या तोंडून ऐकेपावतर कीर्तनात उभं राह्यचं नाई."

"सप्ताह तोंडावर आला ना व!"

"म्हनून तर आताच सांगून राह्यली."

झालं. पाय बरा असल्याचं सिद्ध केल्याशिवाय जागा नाही. ज्या माणसानं नोकरीत कधी कुणाला रहिवासी दाखला मागितला नाही, त्याच्याकडं घरातून पायाचा दाखला मागितला गेला.

शेजार जागा झाला. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर देवानंद समोरच राहतात. बसमध्ये सगळ्या रोगांची माणसं येऊन बसत, त्यामुळं आपला सगळ्या रोगांचा अभ्यास आहे असं त्यांचं मत. त्यांनी कडुनिंब, कारलं, जांभळाच्या बिया आणि उलटं चालणं, एवढं एका दमात सांगितलं. पलीकडच्या सिंधूताई म्हणाल्या, "भाऊजी, तळपायाची आग होते ना? मंग मेंदी लावा. थंडगार वाटते. आमच्या सासऱ्याले उन्हाळाभर लावत होतो." हे मात्र रंगरावांना पटलं. तळव्यांची आग होतच होती, आणि मेंदी काही गिळायची नव्हती.

सिंधूताईंची मयुरी नुकतंच लग्न होऊन माहेरपणाला आली होती. तिच्याकडं मेंदीचा एक कोन उरला होता. दुपारी ती पाट घेऊन आली. रंगराव आरामखुर्चीत पाय पसरून बसले, आणि पंख्याच्या वाऱ्यानं त्यांचा डोळा लागला.

मयुरीचा दोष नाही. तिनं चिखलीला मेंदीचा कोर्स केलेला. नुसतं फासणं तिच्या हाताला जमेना. रंगरावांना जाग आली तेव्हा तळवा भरून झाला होता आणि उजव्या पावलावर एक मोर बसला होता. साधासुधा नव्हे, पिसारा फुलवलेला. पिसारा घोट्यापर्यंत, वेली प्रत्येक बोटावर, बोटांची टोकं नखांसकट गच्च भरलेली. टीचभर जागा मोकळी नाही. नवरीच्या पायावरसुद्धा इतकी दाट मेंदी गावानं पाहिली नव्हती. मोर संपला तिथं कोनही संपला, त्यामुळं डावा पाय कोराच राहिला.

"काका, रंग पाहा कसा चढते," मयुरी म्हणाली. "लग्न जमलेल्या पोरीले नाही चढत असा!"

रंगरावांनी त्या दिवसापासून मोजे घातले. भर वैशाखात.

तेवढ्यात चिखलीत मधुमेहींच्या पायांचं शिबिर असल्याची बातमी आली. सुई नाही, रक्त काढणं नाही. बोटाला एक पट्टी बांधायची, तिच्यातून तांबडा उजेड कातडीत शिरतो, आत वाहणाऱ्या रक्तावरून परत येतो, आणि रक्त पायाच्या टोकापर्यंत पोचतं की नाही ते पडद्यावर उमटतं. वाघाला घाबरावं तसे रंगराव सुईला घाबरत. नुसत्या उजेडानं काम भागणार म्हटल्यावर त्यांनी बस पकडली. सोबत देवानंद. देवानंदांनी चिखलीपर्यंत कंडक्टरला तिकीट कसं फाडावं ते शिकवलं.

शिबिरात पहिला अडथळा ओटीपीचा निघाला. नाव नोंदवायचं तर मोबाइलवर आकडा येणार, आणि मोबाइल नंबर नोंदलेला पुण्याच्या मुलाचा. रंगरावांनी देवानंदांच्या मोबाइलवरून शेखरला फोन लावला.

"शेखर, आकडा आला असंल, सांग बरं."

मग शेखर अगदी सावध आवाजात म्हणाला, "कोण बोलतंय?"

"अबे, तुहा बाप बोलून राह्यला!"

"आवाज तर तसाच आहे. पण हल्ली आवाज काढता येतो कुणाचाही. ओटीपी कुणालाच द्यायचा नाही, हे मीच बाबांना शिकवलंय. तुम्ही बाबा असाल तर मला लहानपणी काय म्हणायचे ते सांगा."

रंगरावांनी आजूबाजूला पाहिलं. अर्धी चिखली रांगेत उभी होती. ते हळूच पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"ढेकळ्या!" रंगराव ओरडले. "ढेकळ्या म्हनत होतो तुले! दे आता आकडा!"

आकडा मिळाला. रांगेतल्या एका म्हातारीनं, "पोरगं हुशार हाय," असं प्रमाणपत्रही दिलं.

टेबलापाशी समता होती. लोणारची पोर, पायांच्या तपासणीचं शिकून आलेली, गळ्यात ओळखपत्र, केस मागं घट्ट बांधलेले. रंगराव खुर्चीत बसले आणि ती त्यांच्या पायांशी वाकली. आता इतक्या वर्षांची सवय. समोर कुणी वाकलं की रंगरावांचा हात आपोआप उठतो. तो तिच्या डोक्यावर गेला. "सुखी राहा पोरी."

"काका, आशीर्वाद नंतर. आधी मोजे काढा."

"मोज्यातून नाही का दिसत? उजेडच तर हाय."

"नाही दिसत."

"मंग डावा पाय पाहून घे ना. उजवा सेम टू सेम हाय. एकाच मायबापाचे दोनी."

"मशीन उजव्यापासून सुरू होतं काका. काढा."

देवानंदांनी मदत म्हणून मोजा ओढला, आणि मोर चिखलीच्या उजेडात आला.

रांग आधी वाकून पाहू लागली. मग कुणीतरी विचारलं, "लग्न कुनाचं हाय?" तिथून पुढं जे हसू सुटलं ते मांडवाच्या टोकापर्यंत गेलं. समतानं मात्र ओठ दाबून धरले, आणि हे रंगराव अजून विसरलेले नाहीत. तिनं पट्टी अंगठ्याला बांधली. पडद्यावर सरळ रेघ. दुसऱ्या बोटाला बांधली, सरळ रेघ. टाचेजवळ, घोट्यावर, सगळीकडं मोराचं राज्य. सरळ रेघ.

"रक्तच नाही?" रंगरावांनी पडद्याकडं बोट दाखवलं.

"रक्त आहे. मेंदीच इतकी गच्च आहे की उजेड आत जाऊन परत येत नाहीये." तिनं घोट्यामागं दोन बोटं दाबली. "ही बघा, नाडी चांगली लागतेय. घाबरू नका. आता डावा..."

पण संगणक अडला. उजव्या पायाचं माप भरल्याशिवाय तो डाव्याकडं जाऊ देईना. पुढं जायचं तर एकच वाट: 'उजवा पाय नाही' या चौकोनावर खूण करायची. समतानं वाट तपासायला खूण केली, तर संगणकानं लगेच विचारलं, 'पाय कोणत्या वर्षी काढला?'

हे वाक्य मोठ्या अक्षरात आलं, आणि ते देवानंदांनी मोठ्यानं वाचलं.

"असं खोटं मी भरणार नाही," समता म्हणाली. तिनं खूण पुसून टाकली. "काका, दोन मिनिटं बसा, डाव्या पायाची नाडी मी हातानं..."

पण रंगराव उठले होते. एका दिवसात चारचौघांत मोर निघाला, ढेकळ्या निघाला, आणि वर सरकारी पडद्यावर पाय गेला. एवढा अपमान बसून घेणं त्यांच्या पाठीच्या कण्याला जमलं नाही. मोजे खिशात कोंबून ते चालू लागले. "रंग उतरला की आमच्या सेंटरवर या, नक्की या!" ही हाक त्यांनी पाठीवर घेतली आणि बस पकडली.

देवानंदांच्या पोटात गोष्ट राहत नाही, हा त्यांचा एकच रोग. त्यावर त्यांच्याकडं औषध नाही. संध्याकाळपर्यंत अमडापुरात कळलं की मशीननं रंगरावांच्या पायात रक्त नसल्याचं सांगितलं आणि पाय काढायचं वर्ष विचारलं. माणसं भेटायला येऊ लागली. कुणी केळी आणली, कुणी, "एका पायावर मानसं एवरेस चढून राह्यले," असा धीर दिला. सप्ताह कमिटीचे अध्यक्षही आले, पायाकडं न पाहता पंख्याकडं पाहत बसले आणि जाताना म्हणाले, "रंगराव, तुमी आराम करा. पहिल्या टाळाले पिंपळगाव राजा गावचा मानूस सांगतला आपन. तुमाले तरास नको."

केळी गळ्याशी आली. रंगराव त्या रात्री जेवले नाहीत.

आता त्यांना एकच दिसत होतं: रंग उतरला पाहिजे, सरळ रेघ उठून उभी राहिली पाहिजे आणि तो कागद अध्यक्षांच्या नाकासमोर धरला पाहिजे. लिंबू झालं, खायचा सोडा झाला, दातांची पेस्ट झाली. मोर ताजातवाना. मग न्हाणीघरात जाऊन त्यांनी वजरी उचलली, तीच, टाच घासायची खरबरीत. मनातल्या मनात गजर धरला आणि घासायला लागले. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे अजून जोर लावायला हरकत नाही, असा त्यांचा हिशेब. पिसारा जायला लागला तसा त्यांना हुरूप आला, लय वाढली.

गीताबाई कपडे घ्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. फरशीवरून मोरीकडं जाणारं पाणी लाल होतं.

"मेंदी उतरून राह्यली," रंगराव आनंदानं म्हणाले.

"मेंदी नाई जी ती," गीताबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातली वजरी ओढून घेतली.

टाचेच्या कडेची कातडी सोलून निघाली होती. रंगरावांनी ती पाहिली. डोळ्यांना दिसत होतं, पायाला कळत नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा त्यांना भीती वाटली. चप्पल हरवली तेव्हा नाही, सरळ रेघ पाहिली तेव्हाही नाही, आता. स्वतःचाच पाय, पण परक्याच्या घरातला असावा तसा.

गीताबाईंनी स्वच्छ फडकं बांधलं, ऑटो बोलावला आणि चिखलीपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

सेंटरवर समता मात्र बोलली. मोठ्या माणसाशी बोलायची सगळी रीत सांभाळून तिनं जे सुनावलं, ते रंगरावांना खात्यातल्या कुठल्याही साहेबानं सुनावलं नव्हतं. जखम धुऊन झाली, पट्टी बांधून झाली. मग तिनं उजेडाची पट्टी उजव्या अंगठ्याला लावली. मोराची फक्त चोच उरली होती. पडद्यावर रेघ हलली. उठली, बसली, उठली, बसली. ठेक्यात.

"अरे!" रंगराव म्हणाले. "हा तर धुमाळीचा ठेका हाय!"

"तुमचं रक्त आहे काका. उजवा छान आहे, ही जखम भरेल." तिनं पट्टी डाव्या पायाला बांधली. या पायाकडं आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. त्यावर ना काटा, ना मोर, ना तक्रार.

रेघ उठली, पण मरगळलेली. जरा वर यायची आणि पसरून पडायची. रंगरावांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावायची राहिली की थाप कशी पोकळ पडते, ते त्यांचे कान जन्मभर ओळखत होते.

समतानं पट्टी काढून पुन्हा बांधली, पाय गरम कपड्यात ठेवून पुन्हा पाहिलं. रेघ तशीच. ती स्टुलावर त्यांच्यासमोर बसली. "काका, इथं वरून येणारी रक्ताची वाट अरुंद झालीय असं दिसतंय. मी डॉक्टरांना आताच दाखवते. अजून जखम नाही, बोट काळं नाही, म्हणजे आपण वेळेत आहोत. पण हीच वजरी जर डाव्या पायाला लागली असती..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. गीताबाईंनी मनात पुरं केलं. मामाच्या गुडघ्यापाशी जाऊन परत आल्या. आणि रंगरावांना एकाएकी कळलं की मयुरीचा कोन मोरापाशी संपला नसता, तर त्यांनी दोन्ही पाय घासले असते.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही आणि रडण्यासारखंही काही उरलं नाही. शेखर पुण्याहून आला. दारात त्यानं खूण म्हणून स्वतःच, "मी ढेकळ्या," असं सांगितलं. संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरांनी मांडीतून बारीक तार घालून अडलेली वाट मोकळी केली. सुई लागली, बरीच लागली. रंगरावांनी प्रत्येक सुईला विठ्ठलाचं नाव घेतलं, काही वेळा ते वॉर्डभर ऐकू गेलं. परत आल्यावर समतानं पट्टी लावली तेव्हा डावी रेघ उजवीइतकी नाही, पण ठेक्याला धरून उठत होती. प्रसादाचा शिरा बंद झाला. रोज संध्याकाळी गीताबाई आरसा घेऊन दोन्ही तळवे पाहू लागल्या. लग्नात पाहिले नव्हते इतके निरखून.

"आता उभा राहू का?" रंगरावांनी समताला विचारलं.

"दोन तास अनवाणी? नाही काका."

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाला रंगराव गेले ते मागच्या खांबाशी बसायला. पांढरे सुती मोजे घालून, मान खाली घालून. पहिल्या टाळाला पिंपळगाव राजाचा माणूस उभा होता. महाराजांनी वीणा गळ्यात घेतली, नजर फिरवली आणि गजर सुरूच करेनात.

"आमचे रंगराव कुठं आहेत?"

अध्यक्ष कुजबुजले, "महाराज, पाय..."

"पाय असू द्या. टाळ हातानं वाजतो ना? स्टूल आणा."

स्टूल आलं. पिंपळगाव राजाचा टाळकरी भला माणूस. त्यानं आपणहून जागा सोडली आणि रंगरावांचा दंड धरून त्यांना बसवलं. दीड फूट फरशी होती तिथंच होती. रंगरावांनी टाळ उचलला, पण पहिले दोन ठेके चुकले. डोळ्यांपुढं पाणी असलं की हाताला दिसत नाही.

गीताबाईंनी महाप्रसादाला समताला बोलावलं होतं. निरूपणात महाराज थांबले आणि बायकांच्या बाजूला बसलेल्या त्या पोरीकडं पाहून म्हणाले, "आपण जन्मभर एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवतो, पण डोळे मिटून. पाय कसा आहे ते कुणी बघत नाही. या लेकीनं डोळे उघडे ठेवून पाय पाहिले. दर्शन याला म्हणायचं." मग माईक बाजूला सारला असं समजून हळूच म्हणाले, "पोरी, कीर्तन झाल्यावर माझाही पाहून घे. माझीही साखर आहे, कुणाला सांगू नकोस." माईक बाजूला सरला नव्हता. साऱ्या मांडवाला कळलं.

म्हणून त्या दिवशी काला झाल्यावर महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला जी रांग लागते, ती लागली खरी, पण समतापुढं, आणि माणसं पाय पुढं करून उभी. महाराज पहिले. मग पिंपळगाव राजाचा टाळकरी. मग अध्यक्ष, या वेळी पंख्याकडं न पाहता. देवानंद रांग लावत होते. "पुढं सरका, मागं जागा हाय," असं ओरडत होते. समतानं पिशवीतून तो उजेडाचा डबा काढला. जेवण थंड झालं तिचं.

सगळ्यात शेवटी ती रंगरावांच्या स्टुलापाशी आली आणि वाकली. रंगरावांचा हात सवयीनं उठला, तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि थांबला. मग दुसरा हात आला, आणि दोन्ही जुळले.

"हे काय काका? हात नंतर जोडा. आधी बोटं हलवा."

रंगरावांनी डाव्या पायाची बोटं हलवली. मोज्याच्या आत, ठेक्यात.

तर मंडळी, पखवाजाला कणीक लागली, महाराज येतच आहेत. मागणं एवढंच. आज घरी गेल्यावर पाय धुवाल तेव्हा घाईनं पाणी ओतून मोकळे होऊ नका. वाकून नीट पाहा, जमत नसेल तर घरच्यांना दाखवा. आणि पाहताना लोणारच्या त्या समताची आठवण ठेवा. जेवण थंड करून आमच्या गावाचे पाय पाहत बसली होती ती. विठ्ठल तिला भरपूर सुखात ठेवो.